तिरप्या उजेडात धरलेली तबकडी

॥ श्री ॥
कडा, २ मार्च २०२५

ती. वनमाला मावशीस,
उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून तू हसशील. आजकाल कोण कुणाला पत्र लिहितं? पण फोनवर मी घसा फोडून ओरडते आणि तू भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतेस. मेसेज पाठवले तर म्हणतेस, काचेवर लिहिलेलं मनाला लागत नाही. शेवटी अमरदादा म्हणाला, बहिऱ्या मावशीशी बोलायचं तर पोस्टात जा, गावाला तरी झोपू दे. म्हणून हे पत्र.

इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे दुखतात, पण ती सांगत नाही. आप्पांनी म्हशींसाठी पत्र्याचा नवा गोठा केला, त्यात पंखा बसवला. मागच्या खोलीत, म्हणजे माझ्या खोलीत, अजून पंखा नाही. आप्पा म्हणतात, म्हैस दूध देते. दादा एका पुढाऱ्याच्या गाडीतून फिरतो आणि घरी येऊन राजकारण शिकवतो. माझी पदवी काचेच्या चौकटीत घालून बैठकीत टीव्हीच्या वर लावली आहे. आल्यागेल्याला आप्पा आधी ती दाखवतात आणि मग मला चहा टाकायला सांगतात. आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून पेढे वाटले, त्याला वर्ष होत आलं. मावशी, मी काही रिकामी बसण्यासाठी शिकले नव्हते.

आता मुख्य गोष्ट. आज बाजारात भंगारवाल्याकडे एक गोणी दिसली. वर पत्र्याचे डबे आणि खाली जुन्या रेकॉर्डी. कुण्या लाउडस्पीकरवाल्याचं घर मोडलं, त्यातल्या म्हणे. काका गेल्यापासून तू परळीत त्याच विकतेस, पुण्या-मुंबईची माणसं फोटो बघून तुझ्याकडून मागवतात, ते आठवलं आणि मी गोणीच घेऊन आले. सगळ्या पुसून, एकेक बघून यादी केली आहे. काळ्याभोर, चकचकीत आहेत. मी सगळ्यांना ‘उत्तम’ असा शेरा दिला आहे. पाठवू का?

आणि मनातलं एक. मला परळीला तुझ्याकडे यायचं आहे. तुझ्या कामाला हात लावीन, आणि सोबत ग्रंथालयाचा अभ्यासक्रम करीन. आप्पांना विचारलं, ते ‘बघू’ म्हणाले. त्यांचं ‘बघू’ तुला ठाऊक आहे.

पत्राची वाट बघते. माया आहेच, ती आता कागदावर दिसू दे.

तुझी,
उज्ज्वला

॥ श्री ॥
परळी वैजनाथ, ८ मार्च २०२५

चि. उज्ज्वला हिस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षर तुझ्या आईच्या रांगोळीसारखं आहे. पण बाई, तू सगळ्याच तबकड्यांना ‘उत्तम’ दिलंस! तुला पेपर तपासायला बसवलं तर तालुक्यात नापास पोरगं औषधाला मिळायचं न्हाई.

चकचकीत आहेत म्हणतेस, तिथंच मला शंका आली. भंगारवाले खोबरेल तेलाचा हात फिरवतात. वास घेऊन बघ. लाउडस्पीकरवाल्याची तबकडी चकचकीत कशी राहील? तिनं किती लग्नं लावली असतील! ट्यूबच्या उजेडात सगळ्याच देखण्या दिसतात. सकाळी दारात बस. उन्हाकडं पाठ कर, तबकडी आडवी धर आणि हळूहळू कलती कर. मग केसासारखे ओरखडे दिसायला लागतील. त्यांच्यावरून नख फिरव. नखाला लागला नाही तर सुईलाही फारसा लागत नाही. नख अडखळलं तर सुई अडखळणार. जिथं काळा रंग राखेसारखा फिका पडला असेल, तिथं जड सुईनं खोबणी खाल्लेली आहे. तिथला आवाज गेला म्हणून समज.

आता सगळ्यात खात्रीची खूण. मधलं भोक असतं, त्याच्याभोवती लेबलावर बघ. घाईत तबकडी चढवणाऱ्याला यंत्राच्या मधला खिळा सापडत नाही, तो चाचपडत तबकडी फिरवतो. त्याच्या बारीक रेघा लेबलावर उमटतात. बाकी सगळं पुसता येतं, रंगवता येतं, ह्या रेघा जात नाहीत. ज्याला काही झाकायचं असतं तो चेहरा पुसतो, भोकाभोवतीचं विसरतो. तिथं बघायचं.

माझे चार शेरे आहेत. उत्तम, बरी, चालेल आणि टांगायची. टांगायची म्हणजे भिंतीला शोभेसाठी. तीसुद्धा विकते, पण ‘टांगायची’ म्हणून सांगून. वाईटाला वाईट म्हटलं की गिऱ्हाईक आपल्या चांगल्यावर विश्वास ठेवतं.

पण पोरी, डोळे झाले की शेवटी कान लागतात. मी निवडायची आणि तुझे काका वाजवून खात्री करायचे. मी त्यांचं तोंड बघत बसायची. डावी भुवई वर गेली की समजायचं, करकर आहे. आता भुवई नाही. थर्मलच्या वीज केंद्राची राख रोज खिडकीतून येते, ती पुसत बसते आणि अंदाजानं शेरे देते. अंदाज चुकायला लागलेत. ऐकणारं माणूस मला पाहिजे आहे. आप्पांना सांगताना माझं नाव शेवटी घे. आमच्या दाजींना माझ्या नावाचा ठसका लागतो.

अक्काला गुडघ्याला एरंडाचं पान शेकून बांधायला सांग. इथं आठवण रोज निघते, तिकडेही निघत असो.

तुझी मावशी,
वनमाला

॥ श्री ॥
कडा, १९ मार्च २०२५

ती. मावशीस,
उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं आणि माझं सगळं उत्तम धुळीला मिळालं. खोबरेलाचा वास खरोखरच आला. आईनं लांबूनच ओळखला, म्हणाली, वेणी घालायची राहिलीय बघ तिची. दारात बसून एकेक कलती केली. लग्नाच्या गाण्यांच्या तबकड्या तर भोकाभोवती इतक्या रेघाळल्या आहेत की लेबलावरचं नाव वाचता येत नाही. एका भजनाच्या तबकडीला मात्र एकही रेघ नव्हती. भजन कुणी लावलंच नाही वाटतं! तिला मी उत्तम दिलं. बाकीच्यांत बऱ्या थोड्या, चालेल पुष्कळ.

तुझं पत्र दादानं माझ्याआधी फोडलं. भोक, खिळा आणि नख एवढं वाचून कंटाळला आणि माझ्या अंगावर टाकलं. तरी सांभाळून लिहीत जा. माझी पत्रं आई डेअरीला दूध घालायला जाते तेव्हा पेटीत टाकते, ती सुरक्षित आहेत.

माझा फोन सध्या दादाकडे आहे. कॉलेजच्या वर्गाचा एक गट होता, त्यात मुलांचीही नावं होती, एवढंच. तात्पुरतं आहे. बाजारालाही आता आईच जाणार, कारण पाहुण्यांच्या कानावर काही जायला नको. पाहुणे म्हणजे तेलगावकडचं एक स्थळ. ऊस आहे, दोन मजली घर आहे, सासरा पंचायतीत आहे, दादाच्या पुढाऱ्याच्या बैठकीतला. त्यांना पदवीधर सून पाहिजे. मुलाचं नाव रामेश्वर.

जेवताना मी शांतपणे सांगितलं की मुलीला स्वतःचं आयुष्य ठरवायचा अधिकार आहे, कायदाही तेच म्हणतो, आणि मला आधी परळीला जाऊन शिकायचं आहे. आप्पा जेवत राहिले. दादा म्हणाला, भाषण लई चांगलं झालं, आता भाकरी वाढ. मग आप्पा म्हणाले, लग्न झाल्यावर त्या घरच्यांनी धाडलं तर जा की परळीला, मी कावून आडवा येऊ?

मावशी, चर्चेनं माणसं बदलतात यावर माझा अजूनही विश्वास आहे. तू हसू नकोस.

तुझ्या मायेत माझा वाटा शाबूत ठेव.

उज्ज्वला

॥ श्री ॥
कडा, ५ एप्रिल २०२५

ती. मावशीस,
उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

मी काय करून बसले ते लिहायला हात उठत नाही. खोबरेल काढायचं म्हणून मी सगळ्या तबकड्या रिठ्याच्या पाण्यात मऊ फडक्यानं धुतल्या. ओल्या कशा ठेवायच्या? गच्चीवर कुरडया वाळत होत्या, तिथं दुसरी बाज टाकली, वर धोतर अंथरलं आणि तबकड्या ओळीनं मांडल्या. कावळे बसू नयेत म्हणून वर जाळीसुद्धा टाकली! दुपारी परतवायला गेले. मावशी, कुरडया वाळल्या आणि तबकड्या शिजल्या. कुणाची कड वर, कुणाची खाली, एक तर थेट द्रोणासारखी झाली. मी तिथंच बसून रडले.

आई वर आली. तिनं ती द्रोणासारखी उचलली, उलटसुलट केली आणि म्हणाली, ह्यात आमटी मावंल. आणि हसायला लागली. मी आईला एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पदर तोंडात धरून, भिंतीला टेकून. खालून आप्पांनी काय झालं म्हणून हाक मारली तशी एकदम गप्प झाली.

सावलीत टोपलीखाली ठेवलेली भजनाची आणि आणखी थोड्या वाचल्या. तू कामाला घेणार होतीस ती हीच पोरगी. आता काय म्हणशील?

पाहुणे येत्या आठवड्यात येणार आहेत. अंगणाच्या फाटकाबाहेर जायचं नाही असं ठरलं आहे. कुणी ठरवलं ते कुणीच सांगत नाही, नुसतं ठरलं आहे.

रागावलीस तरी चालेल, पण अबोला धरू नकोस.

उज्ज्वला

॥ श्री ॥
परळी वैजनाथ, ११ एप्रिल २०२५

चि. उज्ज्वला हिस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

एप्रिलच्या उन्हात तबकड्या! जगात असं वाळवण फक्त आपल्याच घरची माणसं घालू शकतात. तुझ्या काकांनी एकदा जीपच्या बॉनेटवर ठेवल्या होत्या, त्यांचंही असंच झालं होतं. नवरीकडच्या लोकांनी विचारलं, तर म्हणाले, ह्या नव्या फॅशनच्या आहेत.

वाकलेल्या सरळ करायला जाऊ नकोस. दोन काचांत दाबून परत ऊन दाखवतात काही जण. वरून सपाट होतात, पण खोबणी मिटते. सपाट आणि मुकी तबकडी घेऊन काय करायचं? वाकडी असून गाणारी परवडली. कड डोळ्यासमोर धरून बघ, ज्या थोड्याच डुलतात त्या राहू दे. बाकी टांगायच्या.

तुझ्या जागेवर मी दुसरं कुणी बसवणार नाही. चुकल्याचं स्वतः कळवणारं माणूस मला पाहिजे. एवढं वाचून अमरसिंहाला सांग की मावशीनं त्याचीही खुशाली विचारली आहे.

अक्का हसली म्हणतेस, ते पुन्हा पुन्हा वाचलं. काळजी घे. ओढ आहे तोवर पत्रं येतच राहणार.

वनमाला

॥ श्री ॥
कडा, २१ एप्रिल २०२५

ती. मावशीस,
उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

पाहुणे येऊन गेले. सात जण असतील, मुलगा त्यात सगळ्यांत गप्प. त्याची आत्या जानकीबाई म्हणून आहे, तिनंच सगळं चालवलं. मला चालायला सांगितलं, हाताची बोटं बघितली, मग म्हणाली, इथं आत नीट दिसत न्हाई, जरा दारात ये बाई. दारात नेऊन तिनं माझी हनुवटी धरली आणि तोंड उन्हाकडे कलतं केलं. मला एकदम हसू फुटायला लागलं. मनात आलं, आता ही नख फिरवणार! पण नंतर भांडी घासताना हसू गेलं. मी तबकडीला तरी विचारपूर्वक, हलक्या हातानं धरत होते.

त्यांचा होकार आला. आता रीतीप्रमाणे आपली माणसं त्यांचं घर बघायला जाणार. आप्पा, दादा आणि आई. मुलीनं जायची पद्धत नाही. ज्या घरात जन्म काढायचा ते घर बघायला तेवढी एकटी मीच नाही! हे मी बोलून दाखवलं तर आप्पा म्हणाले, तुझी आय बघंल की, तिला डोळे न्हाईत का.

म्हणून मी आईला तयार केलं. दारात बसवून एक तबकडी तिच्या हातात दिली, कलती करायला लावली, भोकाभोवतीच्या रेघा दाखवल्या. तिला म्हटलं, आई, तिथं गेल्यावर रंग, फरशी, कपाट हे बघू नकोस. ते सगळं खोबरेल तेल. जिथं माणसाचा हात रोज जातो, तिथं काय झिजलंय ते बघ. आईनं बोट फिरवत विचारलं, एवढ्याशा रेघांवरून कळतं व्हय? मी म्हटलं, मावशीला कळतं. मग ती बराच वेळ तबकडी हातातच धरून बसली.

यापुढे पत्र आईच्या नावानं घाल. तिनं पोस्टमनला सांगून ठेवलं आहे, छबूबाईच्या नावाचं काही आलं तर डेअरीवर तिच्याच हातात द्यायचं. तिला वाचता येत नाही आणि दादाला ते माहीत आहे, म्हणून त्याला संशय येत नाही.

आई परत आली की लगेच लिहिते. आशीर्वादाचा हात दुरून का होईना, डोक्यावर असू दे.

उज्ज्वला

॥ श्री ॥
कडा, २८ एप्रिल २०२५

ती. मावशीस,
उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

आई काल आली. आल्या आल्या दादा सगळ्यांना सांगत सुटला, घर कसलं, राजवाडा आहे. आईला विचारलं तर म्हणाली, घर लई नामी हाय. आणि गोठ्यात निघून गेली. मी मागोमाग गेले. धारा काढताना, म्हशीच्या पोटाला डोकं लावून, माझ्याकडे न बघता तिनं सांगितलं.

त्यांची थोरली सून आहे, संगीता. चहा तिनंच आणला. हातभर बांगड्या, अंगावर चांगलं लुगडं, तोंडावर हसू. पण कुणाशी एक शब्द बोलली नाही. आई मोरीकडं जायचं म्हणून उठली आणि माजघरातून आत गेली. आत संगीताची खोली आहे. दाराला बाहेरच्या अंगाला कडी आहे, लोंबती. अंगणाच्या दाराच्या कडीचा रंगसुद्धा उडालेला नाही, पण घराच्या पोटातल्या त्या दाराला कडी झुलून झुलून अर्धा गोल पडला आहे. वरून नवा रंग दिलाय, तरी खालच्या लाकडात खाच दिसते. आतल्या अंगाला कडीच नाही. आणि दाराच्या आतल्या बाजूला, माणूस जमिनीवर बसलं की पाठ जिथं टेकते तिथं, रंग तेलकट काळा झाला आहे.

मी म्हटलं, ती धान्याची कोठी असेल, उंदीर-मांजरासाठी कडी असेल. आई म्हणाली, कोठीत आरसा कशाला आन् आरशाला टिकल्या कशाला? मग म्हणाली, पाठीचा डाग मला वळखता येतो.

मी सरळ आप्पांना जाऊन सांगितलं. मला वाटलं, खूण डोळ्यांनी पाहिलेली आहे, आता कुणी नाही म्हणणार नाही. आप्पांनी आईकडं बघितलं. आई खाली बघत होती. दादा ओरडला की कडी कुणाच्या दाराला नसते, भंगाराच्या रेकॉर्डी बघून बघून हिचं डोकं फिरलंय. आप्पा एवढंच म्हणाले, सुपारी फुटंस्तोवर हिला मागच्या खोलीतच राहू दे.

तर मी इथूनच लिहिते आहे. खिडकीतून आईला पत्र देता येतं. जेवण येतं, पाणी येतं, कडी बाहेरून लागते.

दिवसभर करायला काही नाही, म्हणून दार बघत बसले. सकाळी खिडकीतून ऊन तिरपं येतं, ते थेट दारावर पडतं. मावशी, या खोलीत मी लहानपणापासून झोपते आहे आणि मला कधी दिसलं नव्हतं. दाराच्या आतल्या अंगाला, पाठीच्या उंचीवर, तेलकट डाग आहे. आप्पांनी दरवर्षी पोळ्याला रंग दिला, तो डाग प्रत्येक रंगातून वर आला आहे. तो माझा नाही. मी टेकून बसले, तर माझी पाठ त्याच्यावर बरोबर बसली.

हा कुणाचा आहे? तुला माहीत असणार. आईला विचारायचं माझ्यानं होत नाही.

तुझ्या पत्राकडे डोळे लागले आहेत.

उज्ज्वला

॥ श्री ॥
परळी वैजनाथ, ३ मे २०२५

चि. उज्ज्वला हिस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

विचारलंस म्हणून सांगते. अक्काच्या परवानगीशिवाय सांगते आहे, म्हणून हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव. तिला नको असेल तर ती तुला थांबवील.

मी तुझ्या काकांशी लग्न ठरवलं ते सगळ्यांच्या मनाविरुद्ध. लाउडस्पीकरवाला, गावोगाव फिरणारा, त्यातून तोपर्यंत सगळ्यांकडं कॅसेटी आलेल्या आणि हा वेडा अजून तबकड्याच घेऊन हिंडणारा. माझ्या बाजूनं एकटी अक्का उभी राहिली. दाजींनी सांगितलं, त्या लग्नाला आपल्या घरचं कुणी जाणार नाही. अक्का म्हणाली, मी जाणार. मग तिला मागच्या खोलीत घातलं. अमरसिंह अंगावर पीत होता, त्याच्यासकट.

लग्न आमच्या माहेरच्या वाडीवर होतं, तुमच्या घरापासून ओढ्याच्या पलीकडं. अक्का आली नाही हे बघून मी मांडवात रडत होते. तुझ्या काकांना कळलं, तसा नवरदेवाच्या पोशाखात हा माणूस लिंबाच्या झाडावर चढला आणि कर्ण्याचं तोंड फिरवून तुमच्या घराकडं केलं. मग सनईची तबकडी लावली. अक्षता पडेपर्यंत पुन्हा पुन्हा तीच लावली.

पुढं मी दोनदा तिला न्यायला आले. तेव्हा मला अजून ऐकू येत होतं. दुसऱ्या खेपेला तिनं दाराआडून सांगितलं, वने, तू जा, लेकरू लहान हाय. त्यानंतर दाजींनी मला दारात उभं केलं नाही. त्या खोलीची कडी पुढं केव्हा केव्हा लागली ते मला माहीत नाही. तूच दारावर वाचलंस.

तू जन्मलीस तेव्हा तिनं निरोप धाडला होता, हिला शिकवायची. एवढाच निरोप.

इथली जागा रिकामी आहे. आशीर्वादाखेरीज माझ्याकडं द्यायला तेवढंच आहे.

वनमाला

॥ श्री ॥
कडा, ८ मे २०२५

ती. मावशीस,
उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आलं तेव्हा आप्पा आणि दादा कारखान्यावर बैठकीला गेले होते. आईनं ते दाराखालून सरकवलं आणि बाहेर उंबऱ्याला टेकून बसली. मी आतून टेकले. मध्ये फक्त दार होतं. मी मोठ्यानं वाचायला लागले. लाउडस्पीकरपाशी आले तेव्हा वाटलं, आई आता थांब म्हणेल. तिनं थांबवलं नाही. काका झाडावर चढले तिथं मीच थांबले, तर बाहेरून आई म्हणाली, वाच की पुढं, मला ठावं हाय पर ऐकू दे.

वाचून झालं. आई म्हणाली की तेव्हा अमर झोपत नव्हता, सनई ऐकून झोपला. मी विचारलं, तू कधी सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगून काय, तुला ह्याच खोलीत निजायचं होतं.

आणि मग कडीचा आवाज झाला.

दार उघडून ती आत आली नाही. उंबऱ्यावर उभी राहिली. सोमवारी दोघं बीडला बस्त्याची दुकानं बघायला जाणार आहेत, सकाळच्या गाडीनं. ती म्हणाली, भाकरी कशासंगं बांधू, ठेचा की पिठलं? एवढंच. तिनं दार पुन्हा लोटलं आणि कडी पुन्हा लावली, कारण आप्पांची मोटारसायकल वाजली. पण या वेळी कडी लावताना ती मला म्हणाली, सोमवार लांब न्हाई.

मी तिला म्हटलं, तूही चल. म्हणाली, दोघी गेलो तर दोघींना हुडकायला येतील. आधी तू पोच.

मी सोमवारी निघते आहे. भजनाची तबकडी पिशवीत साड्यांच्या मध्ये ठेवीन. वाकलेल्या इथंच राहतील, आई म्हणाली, तिला एक आमटीसाठी पाहिजे.

चर्चेनं माणसं बदलतात असं मी तुला लिहिलं होतं. खोडत नाही. पण मला आधी कडीच्या बाहेर उभं राहून चर्चा करायची आहे.

दारात उभी राहशील ना?

उज्ज्वला

॥ श्री ॥
परळी वैजनाथ, १५ मे २०२५

ती. सौ. छबूअक्कास,
वनमालाचा शि. सा. न. वि. वि.

चि. अमरसिंह, हे पत्र तूच वाचणार, घरात आता वाचणारं दुसरं कुणी राहिलं नाही. तर तुझ्या आईला समोर बसव आणि मोठ्यानं वाच. एकही ओळ गाळू नकोस. मला ऐकू येत नाही, पण तिला येतं.

अक्का, पोरगी सुखरूप पोचली. एसटी स्टँडवरून चालत आली, तोंडावर थर्मलची राख आणि हातात भाकरीचं फडकं. दुसऱ्याच दिवशी ठाण्यात जाऊन आपण सज्ञान आहोत आणि स्वखुशीनं आलो आहोत असं लिहून देऊन आली. हवालदाराच्या अर्जातलं शुद्धलेखन सुधारून आली ते वेगळंच. दाजी किंवा अमरसिंह यायचे तर जरूर यावं. चहा होईल. काय विचारायचं ते तिलाच विचारावं, ती उत्तर देईल, आणि ते लांबलचक असेल.

कामाला लागली आहे. ती ऐकते आणि मी तिचं तोंड बघते. काकांची डावी भुवई वर जायची, हिचं नाक वर जातं. शेरे द्यायला अजूनही उदार आहे, पण खोटं लिहीत नाही. ग्रंथालयाच्या अभ्यासक्रमाचा अर्जही आणलाय, तो भरताना पेन चावते.

काल मी तिला न सांगता ती सनईची तबकडी हातात दिली. माझ्या लग्नातली. मी ती कधी विकायला काढली नाही. तिनं दारात बसून कलती धरली, भोकाभोवती बघितलं आणि म्हणाली, मावशी, हिच्यात काही राहिलं नसेल, टांगायची. मी म्हटलं, वाजव. ती वाजवत होती तेव्हा मी तिच्या तोंडाकडं बघत बसले. नाक वर गेलं, मग खाली आलं, मग तिनं मान दुसरीकडं फिरवली. तबकडी संपल्यावर मी विचारलं, काय शेरा? तिनं कागदावर लिहून दिलं, ‘करकर पुष्कळ. सुई मात्र कुठं अडकली नाही. शेवटपर्यंत गेली. चालेल.’

तो कागद सोबत घालते आहे. तुला वाचता येत नसला तरी अक्षर तुझ्या लेकीचं आहे.

इकडची माया तुला माहीत आहे, ती मागून घ्यायला लाजू नकोस.

तुझी,
वनी

ता. क. चि. अमरसिंह, हे तू आईला समोर बसवून वाचतो आहेस असं मी धरून चालले. ती समोर नसेल, तर इथंच थांब. मागच्या खोलीच्या दाराशी जा. आतून कुणी पाठ टेकून बसलं असेल. त्याच दाराआड तू तिच्या मांडीवर सनई ऐकत झोपला होतास. आधी कडी काढ, आणि मग हे पत्र पहिल्यापासून वाच.